सुटला की सोडला? अकरा मिनिटांतल्या तीन संधींची तपासणी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ. ४ वाजून ३८ मिनिटांनी शिंगांना आठ टोकं असलेला एक नर हरीण माझ्या मचाणापासून सोळा यार्डांवर होता. ४ वाजून ४९ मिनिटांनी तो शेपटी उभारून घळीपलीकडे नाहीसा झाला. मधल्या अकरा मिनिटांत तो तीनदा टप्प्यात आला होता. बाण दोरीवरच राहिला. अंधार पडल्यावर गाडीपाशी दादा भेटला. मी म्हटलं, "दादा, सुटला."

त्यानं हातातली बॅटरी बंद केली. "सुटला की सोडलास?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन त्या रात्री मी ती अकरा मिनिटं वहीत उतरवून काढली आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी ती जागेवर जाऊन पुन्हा तपासली. त्यातून जे हाती आलं, ते इथे मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली हरणांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा असं मला मनापासून वाटतं. ही हकीकत अमेरिकेतली आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची, म्हणजे व्हाइटटेलची, संख्या १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आली होती. मग बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली, हंगाम आणि परवाने आले, आणि १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज ही हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे आणि पहाडी सिंह (प्यूमा) बहुतेक भागांतून गेलेले असल्यामुळे संख्या आटोक्यात ठेवायचं काम मुख्यतः परवानाधारक शिकाऱ्यांवर येतं. मी धनुष्यानं शिकार करतो. हंगामाला एक नर मारायचा माझा टॅग, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, होता. दादा माझा चुलत भाऊ, माझ्याआधी बारा वर्षं तिथे गेलेला. झाडावर कसं बसायचं हे मला त्यानंच शिकवलं.

जागा

ईशान्येकडे उतरणारा ओकचा उतार. वर कडा, खाली अरुंद घळ, वायव्येला दाट झुडुपांचं रान, जिथे हरणं दिवसा बसतात. झुडुपांतून निघालेली वाट उताराला आडवी येते, माझ्या झाडाच्या खालच्या अंगानं पंधरा-सोळा यार्डांवरून जाते आणि तिथून पुढे घळीत वळते. वाटेवर दोन कोवळ्या झाडांची साल शिंगं घासून सोललेली होती. एका लोंबत्या फांदीखाली खुरांनी उकरलेली ताजी माती होती, तिला मुताचा उग्र वास येत होता. नर माजावर आल्याच्या या खुणा. दिवस लहान होत जातात तसा या हरणांच्या अंगातला बदल सुरू होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एरवी रात्रीच हिंडणारे थोराड नरही मादीच्या मागे उजेडात बाहेर पडतात. वर्षातले हे दहा-पंधरा दिवस चुकवायचे नसतात.

मचाण अठरा फुटांवर. कमरेला आणि खांद्यांना पट्टा, झाडाला दोर. अंदाजात वारा वायव्येचा, ताशी आठ मैल. म्हणजे माझा वास उताराला समांतर, आग्नेयेकडे वाहत जाणार आणि वाट खालच्या अंगाला असल्यामुळे त्यातून सुटणार. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी हे झाड निवडलं, तेव्हा हे गणित मला बिनचूक वाटलं होतं. त्या दिवशी दुपारी दोन वाजता वर चढताना मी त्यावर पुन्हा विचारही केला नाही.

४:३८

आधी मादी आली. झुडुपांतून एकटीच, जलद पावलं टाकत, मध्येच मागे बघत. ती चौदा यार्डांवरून गेली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. कान, पापण्या, नाकाचा ओला काळा शेंडा, सगळं इतकं जवळ होतं. मी बसलेलो, धनुष्य खुंटीला, हातात थंडीचे जाड मोजे.

दादानं मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "नोव्हेंबरात मादी दिसली की तिच्या मागे बघ." माजावरची मादी मागे वळून बघते, तेव्हा मागे कोणीतरी असतंच. मला हे तोंडपाठ होतं. तरीही नर दिसला तेव्हा तो मोकळ्या पट्ट्यात येऊनही गेला होता. नाक जमिनीला, मान फुगलेली, घशातून डुकरासारखी तुटक घुरघुर करत, मादीच्या पावलावर पाऊल. सोळा यार्ड, पूर्ण आडवा. याहून चांगली संधी धनुर्धाऱ्याला मिळत नाही.

मोजे काढले, धनुष्य घेतलं, उभा राहिलो. मचाणाची फळी किंचित करकरली. मादीनं मान वर केली, त्यामुळे नरही थांबला, आणि नेमका जुळ्या खोडाच्या ओकमागे थांबला. एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला पुठ्ठा, मधलं हवं ते सगळं झाकलेलं. मी दोरी ताणली, या आशेनं की तो एक पाऊल टाकेल.

माझं धनुष्य साठ पौंडांचं आहे. कंपाउंड धनुष्याची चाकं पूर्ण ताणल्यावर बहुतेक भार उचलतात, हाताला साधारण बारा पौंड उरतात. बारा पौंड ऐकायला थोडे वाटतात. थंडीत अडीच तास बसून आखडलेल्या खांद्यांना ते अर्ध्या मिनिटात जड होतात. धनुष्यावरची नेमाची पिन आधी हलली, मग थरथरली, मग हृदयाच्या ठोक्याबरोबर उडायला लागली. पाऊण मिनिटानं मी दोरी सावकाश परत सोडली. ती परत सोडताना धनुष्य शेवटी हिसका देतंच. नरानं तो हिसका पाहिला.

ही संधी हुकली. यात वाऱ्याला, झाडाला किंवा हरणाला बोल लावायला जागा नाही. मादी दिसल्यावर मी लगेच उभा राहिलो असतो, तर नर वाटेवरच्या बीच झाडाच्या जाड खोडामागे असताना दोरी ताणून झाली असती आणि तो मोकळ्यात येईपर्यंत मी तयार असतो. दुसऱ्या दिवशी दादा त्या वाटेनं चालला आणि मी वरून मोजलं. मोकळा पट्टा जेमतेम सात फुटांचा निघाला. चालतं हरीण तो दोन-तीन सेकंदांत ओलांडतं. तिथे दिसल्यावर धनुष्याला हात घालणाऱ्याला वेळ मिळणारच नव्हता.

४:४३

नर खोडामागून बाहेर आला, पण वाटेनं नाही. तो घळीच्या कडेला उतरला आणि थांबून माझ्या झाडाकडे बघू लागला. आधीच मोजून ठेवलेल्या दगडाशी उभा होता तो, म्हणून अंतर अचूक सांगता येतं: ३४ यार्ड. आडवा. उघडा. उजेड भरपूर.

या हरणांना लाल रंग वेगळा ओळखता येत नाही, पण हालचाल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ तीनशे अंशांचा परिसर त्यांना मान न वळवता दिसतो. शंका आली की ती एक युक्ती करतात: चरायला मान खाली घालतात आणि निम्म्यातूनच झटकन वर करतात. या नरानं तीन वेळा तसं केलं. मग पुढचा खूर जमिनीवर आपटला. त्याच्या मांडीवरचा स्नायू ताठलेला मला वरून दिसत होता.

बाण सोडावा का? माझी स्वतःला घातलेली मर्यादा पंचवीस यार्डांची आहे. सरावाच्या मैदानात मी चाळीसवरही बरा नेम धरतो, त्यामुळे ही मर्यादा पाहून मित्र विचारतात, इतकी कमी का? कारण मैदानातलं लक्ष्य आवाज ऐकत नाही.

माझा बाण सेकंदाला सुमारे २७० फूट जातो. त्या थंडीत आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट. ३४ यार्ड म्हणजे १०२ फूट. बाणाला तिथे पोचायला ०.३८ सेकंद लागतात, दोरीच्या आवाजाला ०.०९. म्हणजे हरणाच्या कानात आवाज शिरल्यानंतर बाण अजून ०.२९ सेकंद हवेत असतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, उडी घ्यायला अंग खाली घेतं, आणि तेवढ्यात त्याचं धड जवळजवळ मोकळं सोडल्यासारखं खाली येतं. आवाज कळून पाय दुमडायला ०.१ सेकंद गेला असं धरलं, तरी उरलेल्या वेळात धड साडेसहा इंचांहून जास्त खाली येऊ शकतं. हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंच व्यासाची. मधोमध नेम धरला तर वर चारच इंच उरतात. वीस यार्डांवर याच हिशेबानं धड जेमतेम एक इंच खाली येतं. शांतपणे चरणारं हरीण कदाचित इतकं दचकणार नाही. पण हे हरीण माझ्याकडेच बघत होतं, आणि उडी घ्यायला आधीच सज्ज होतं.

हिशेब कागदावरचा आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी हिशेब नव्हता. तीन हंगामांपूर्वी दादानं याच अंतरावर, अशाच बावरलेल्या नरावर बाण सोडला होता. बाण उंच लागला, पाठीच्या मांसात. आम्ही अर्धा तास थांबलो, मग माग काढला. सुरुवातीला पानांवर लाल थेंब हातभर अंतरानं सापडत होते. फुप्फुसाला लागलं की रक्तात गुलाबी फेस असतो. तो नव्हता. यकृताचं गडद रक्त नव्हतं, पोटाला लागल्याची हिरवट घाण नव्हती. केस मात्र होते, लांब, करडे, पाठीवरचे. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. रात्री दहाला ओढ्याच्या काठी शेवटचा थेंब सापडला, तिथे मी कागदाचा बोळा फांदीला खोचून ठेवला. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत आम्ही ओढ्याच्या दोन्ही काठांनी रान पट्ट्या पाडून धुंडाळलं. सापडलं नाही. ते वाचलं असेलही, पाठीच्या मांसातल्या जखमा पुष्कळदा भरतात. दादानं त्या हंगामात पुन्हा धनुष्य उचललं नाही. टॅग त्यानं स्वतःहून वापरल्यात जमा धरला. तसा नियम त्याच्यावर कोणी घातलेला नव्हता.

म्हणून ४:४३ ला मी धनुष्य खाली ठेवलं नाही, पण दोरीही ताणली नाही. ही संधी मी सोडली. वहीत या ओळीपुढे मला काहीच जोडावंसं वाटलं नाही.

४:४७

मादी घळीत गोल फिरून पुन्हा वर आली आणि तिच्या मागे नर. माझ्याबद्दलची शंका तो विसरला होता, निदान मादीपुढे ती मागे पडली होती. तो उतार चढून सरळ माझ्या झाडाकडे आला. वीस यार्ड. सोळा. तेरावर थांबला, छाती माझ्याकडे करून.

ही भेट मी विसरणार नाही. तोंडातून वाफ निघत होती. डाव्या शिंगाच्या बुंध्याजवळचं टोक दुभंगलेलं होतं, दोन बोटांसारखं. उजव्या कानाला जुनी चीर. मानेवरचे केस ओले होते आणि त्यांत ओकची काटकी अडकली होती. मी या वेळी दोरी ताणून तयार होतो, कारण तो खोडामागून येत असताना मी ती ताणली होती. पहिल्या चुकीतून तेवढं तरी नऊ मिनिटांत शिकलो होतो.

पण समोरून येणाऱ्या हरणावर मी बाण सोडत नाही. तिथे खांद्यांची आणि छातीची हाडं आडवी असतात, फट अरुंद असते, आणि दोन इंचांच्या चुकीनं बाण हाडावर घसरतो किंवा पोटात जातो. मला दोन पावलं हवी होती. दोन पावलं टाकून तो डावीकडे वळला असता, तर तेरा यार्डांवर आडवा मिळाला असता.

त्यानं पहिलं पाऊल टाकलं. मग नाक वर गेलं. ओठ ओले करायला जीभ नाकपुडीवरून फिरली. वास घट्ट पकडण्यासाठी ही जनावरं तसं करतात. मग शिट्टी आणि शिंक यांच्या मधला तो मोठा फुत्कार, ज्यानं सगळं रान सावध होतं. दोन उड्यांत तो घळीत होता. पांढरी शेपटी पलीकडच्या काठावर एकदा हलली. माझ्या घड्याळात ४:४९ झाले होते. सूर्यास्त ४:५२ ला होता आणि कायद्यानं शिकारीची वेळ त्यापुढे अजून अर्धा तास होती.

त्या रात्री मी वहीत लिहिलं: तिसरी संधी, सोडली, कोन वाईट. दादानं वाचलं आणि बोट ठेवलं. "कोन वाईट होता म्हणून तू थांबलास, ते बरोबर. पण तो गेला कशामुळे?"

वाऱ्यानं. आणि वारा तर वायव्येचा होता.

उद्या त्याच वेळी धनुष्य न घेता जायचं, असं ठरलं. हवामान जवळजवळ तेच होतं. दादानं वाटेत मिल्कवीडच्या सुकलेल्या शेंगा तोडून घेतल्या. ही आपल्या रुईच्या कुळातलीच वनस्पती, शेंगेत तशाच रेशमी म्हाताऱ्या असतात. शिकारी त्या खिशात ठेवतात, कारण वारा बघायच्या पावडरचा फवारा दोन हातांवर दिसेनासा होतो आणि म्हातारी शंभर पावलं डोळ्यांना दिसत राहते. मी मचाणावर चढलो आणि साडेतीनपासून दर दहा मिनिटांनी एक म्हातारी सोडली. दादा खाली उभा राहून ती कुठे जाते ते लिहीत होता.

सव्वाचारपर्यंत प्रत्येक म्हातारी उताराला समांतर, आग्नेयेकडे गेली. अंदाज बरोबर होता, माझं गणितही बरोबर होतं. साडेचारची म्हातारी निघाली तशीच, पण वीस पावलांवर घुटमळली. कड्यामागे ऊन केव्हाच गेलं होतं. ईशान्येचा उतार सावलीत आधी जातो, आधी थंड होतो, आणि थंड हवा जड होऊन खाली घरंगळते. सकाळी याच्या उलट: ऊन लागलं की हवा उतारावरून वर चढते. दिवसाचा वारा जोरात असेपर्यंत हे कळत नाही. सूर्यास्ताला वारा पडतो आणि मग उताराचंच चालतं. ४:४० ची म्हातारी वाकडी होऊन वाटेकडे उतरली. ४:५० ची माझ्या बोटांतून सुटली, सरळ खाली गेली आणि पाटातलं पाणी जावं तशी घळीत शिरली. दादा तिच्या मागे चालत गेला आणि एका ठिकाणी थांबला. पानांत खुरांचे खोल ठसे होते, पाचर ठोकल्यासारखे, उडी घेतानाचे. तेरा यार्ड.

ते झाड सकाळसाठी उत्तम होतं. मी ते सकाळीच निवडलं होतं. संध्याकाळी तिथे बसणं म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात, जेव्हा थोराड नर निघतात, नेमका त्यांच्या वाटेवर आपला वास ओतणं. म्हणजे बाण न सोडणं बरोबर होतं, आणि तरीही ती संधी हुकलेलीच होती. ती हुकली ४:४७ ला नाही, दुपारी दोनला, मी फोनवर वाऱ्याची दिशा बघून समाधानानं झाडावर चढलो तेव्हा. कदाचित ऑक्टोबरातच. दादानं माझ्या वहीतली ओळ खोडली नाही, तिच्या शेजारी फक्त "२:००" लिहिलं.

या हंगामाआधी माझ्या वहीत सुटलेल्या हरणांच्या नोंदी पुष्कळ होत्या: पान वाजलं, हात थरथरला, उजेड गेला. परत चाळल्या तेव्हा दिसलं की सातपैकी चार नोंदींत "फुत्कार" हा शब्द आहे आणि चारही संध्याकाळच्या आहेत. मी प्रत्येक वेळी शेवटच्या सेकंदाचं कारण लिहून मोकळा झालो होतो.

त्यानंतर

मचाण हलवलं. घळीच्या जरा वर, वाटेच्या खालच्या अंगाला, पूर्वीच्या झाडापासून चाळीस पावलं उतरून. जुन्या झाडावरचं काढून घेतलं, तिथे आता फक्त सकाळी, सुटं मचाण पाठीवर नेऊन बसायचं ठरवलं. नऊ दिवसांनी नव्या जागी पावणेपाचला एक दीड वर्षाचा नर, दोन टोकांचा, अकरा यार्डांवरून गेला. म्हातारी माझ्या पाठीमागे घळीत उतरत होती. तो वीस मिनिटं माझ्यासमोर ओकची फळं वेचत राहिला आणि त्याला माझा पत्ता लागला नाही. इतका कोवळा नर मी घेत नाही. टॅग हंगामाअखेर कोराच राहिला.

पहिल्या संधीचं काय करायचं, हे मात्र झाड बदलून सुटलेलं नाही. मोजे पातळ केले, धनुष्य खुंटीऐवजी मांडीवर ठेवायला लागलो, शेवटचा तास उभ्यानंच काढतो. तरी डिसेंबरात एक मादी दोन पाडसांसह आली आणि मी पुन्हा तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या मागे कोणी होतं का, ते मला आठवत नाही.

वाटेवर आम्ही एक कॅमेरा बांधून ठेवला होता. जानेवारीत दादानं त्यातलं कार्ड काढलं आणि मला एक छायाचित्र पाठवलं, पहाटे २:१४ चं. एकच शिंग उरलेला नर, उजवं गळून गेलेलं, डाव्याचं बुंध्याजवळचं टोक दुभंगलेलं. तो बरोबर त्या सात फुटांच्या पट्ट्यात थांबला होता. तोंड जुन्या झाडाकडे, नाक वर. त्या झाडावर नोव्हेंबरपासून कोणीच नव्हतं.